मान मोडण्याआधी

गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या पंचक्रोशीत कोंबडीला मरण येते ते सहसा एकटीला येत नाही. आठवडी बाजारातून आणलेला एखादा कोंबडा खुराड्यात शिरतो, चार-सहा दिवस सगळे ठीक चालते, आणि मग एका सकाळी दोन कोंबड्या पंख पाडून कोपऱ्यात बसलेल्या दिसतात. हिरवट-पांढरी हगवण लागते, चोच उघडी ठेवून धाप लागते, कुणाची मान पाठीकडे पिळवटते. आठवड्याभरात खुराडे रिकामे. गावात याला मानमोडी म्हणतात, दवाखान्याच्या नोंदवहीत राणीखेत. कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत गावी १९२७ मध्ये हा रोग भारतात प्रथम नोंदला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी तो इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आणि जावा बेटावर दिसला होता. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात त्यावरची लस तयार झाली. म्हणजे लस हाती येऊन पाऊणशे वर्षे उलटली. तरी खुराडी रिकामी होतात, कारण लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि घरात कोंबड्या असतात आठ. शिवाय ती कुपी थंड ठेवावी लागते, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडकडे माणूसही जाऊ शकत नाही, तिथे बर्फाची पेटी कुठून जाणार?

या पुस्तिकेचा विषय ते मधले चार-सहा दिवस हा आहे. कोंबडी वरून धडधाकट दिसते, दाणे टिपते, कोंबडा पहाटे आरवतो. पण आत यकृताचे काम बदललेले असते आणि रक्तातल्या काही प्रथिनांचे प्रमाण चढू लागलेले असते. ती प्रथिने मोजता येतात. त्यांना अ‍ॅक्यूट फेज प्रथिने म्हणतात, आणि आपल्याकडच्या गावठी कोंबडीसाठी त्यांचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न मराठीत मांडला जावा असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

कोंबडी आजार लपवते हे पाळणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. रानात ज्याची शिकार होते त्या जिवाला दुबळेपणा दाखवून चालत नाही. ससाण्याची नजर कळपातल्या सुस्त पाखरावर आधी जाते. म्हणून ती मरगळलेली दिसते तोवर बराच उशीर झालेला असतो. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१-४२ अंश सेल्सिअस, त्यामुळे हात लावून ताप कळत नाही. तिचा पूही वाहत नाही. माणसाच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी असतात, कोंबडीत त्यांच्या जागी हेटरोफिल असतात. पू पातळ करायला जे विकर लागते ते त्या पेशींत नसते, म्हणून जखमेत किंवा श्वासाच्या पिशव्यांत घट्ट पिवळट गोळे साचतात. कोंबडी कापल्यावरच ते दिसतात. डोळा, हात आणि नाक यांना जे कळत नाही ते रक्ताला विचारावे लागते, आणि या विषयाचे मोल तिथेच आहे.

वाचकांपैकी बहुतेकांनी या प्रथिनांपैकी एकाचे नाव ऐकलेले आहे. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत घराघरातून ‘सीआरपी किती आला?’ हा प्रश्न विचारला जात होता. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना सापडले. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात न्यूमोकोकस जंतूचा एक अंश मिसळला की साका तयार होई. रुग्ण बरा झाला की तोच रक्तद्रव स्वच्छ राही. या दुसऱ्या निरीक्षणाला मी अधिक महत्त्व देतो. अँटीबॉडी आजार गेल्यावरही रक्तात रेंगाळतात आणि ‘कधीतरी लागण झाली होती’ एवढेच सांगतात. ही प्रथिने मात्र तासांत चढतात आणि दिवसांत उतरतात. ती आजची गोष्ट सांगतात.

घडते ते असे. जंतू, जखम किंवा भाजणे यांपैकी काहीही झाले तरी तिथल्या पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ यांसारखे निरोप रक्तात सोडतात. निरोप यकृतापर्यंत पोचला की यकृत रोजचे काम मागे टाकते. अल्ब्युमिन कमी बनते, आणि बचावाला लागणारी प्रथिने जास्त बनू लागतात. त्याची किंमत असते. जी अमिनो आम्ले मांसात किंवा अंड्यात गेली असती ती या कामी लागतात. त्यात कोंबडी दाणाही कमी खाते. अंडी का थांबली याचे उत्तर पुष्कळदा इथे असते. रोगाने अंडे थांबवले असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात कोंबडीच्या शरीराने स्वतःला वाचवण्यासाठी ते थांबवलेले असते.

आता कोंबडीचे वेगळेपण. माणसाच्या वैद्यकाची पुस्तके समोर ठेवून तिचे रक्त वाचायला बसलो तर पहिल्या पानावरच चूक होते. हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन माणसात, गाई-म्हशींत दाहाची खूण म्हणून मोजतात. फुटलेल्या तांबड्या पेशींतून सांडलेले हिमोग्लोबिन ते पकडून ठेवते. कोंबडीत ते नाहीच. तिच्याकडे त्या कामाला पीआयटी-५४ नावाचे निराळेच प्रथिन आहे. दुसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन माणसात दाहाच्या वेळी कमी होते, आणि कोंबडीत त्याच घराण्यातले ओव्होट्रान्सफेरिन वाढते. तोच प्रसंग, नेमकी उलटी दिशा. हे ओव्होट्रान्सफेरिन आपण रोज खातो. अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिनांत त्याचा वाटा साधारण १२ टक्के असतो. जंतूंना वाढायला लोह लागते. हे प्रथिन लोहाला घट्ट धरून बसते, त्यामुळे अंड्यात शिरलेल्या जंतूची उपासमार होते. रक्तातही ते हेच करते. निसर्गाने पिल्लासाठी केलेली तजवीज आईच्या अंगात आजारपणी कामाला येते, याचे मला अजूनही नवल वाटते.

बाकीच्या प्रथिनांची ओळख थोडक्यात करून देतो, तपशील पुस्तिकेत आहेच. सिरम अ‍ॅमिलॉइड ए सगळ्यात आधी आणि सगळ्यात उंच चढते. निरोगी पक्ष्यात ते नगण्य असते आणि एका दिवसात कित्येक पटींनी वाढू शकते. अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन काही पटींनीच वाढते, पण भरवशाने वाढते, म्हणून कोंबड्यांच्या अभ्यासात त्याचा वापर फार झाला. सेरुलोप्लाझमिन तांबे बाळगते. त्याची वाढ बेताची, पण ते रंगाच्या साध्या चाचणीने मोजता येते आणि त्यासाठी परदेशी किट लागत नाही. आपल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. फायब्रिनोजेन रक्त गोठण्यात खर्च होते, म्हणून ते पाहायचे तर रक्त गोठू न देता प्लाझ्मा घ्यावा लागतो. प्रयोगशाळेत आलेल्या निम्म्या बाटल्या या एका कारणाने वाया जाऊ नयेत, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

अति झाले तर बचावाची हीच प्रथिने त्रासही देतात. तपकिरी अंडी देणाऱ्या काही संकरित जातींत एंटरोकॉकस जंतूची लागण लांबली की सिरम अ‍ॅमिलॉइड ए-चे तुकडे गुडघ्याच्या सांध्यात साचतात, सांधे नारिंगी दिसू लागतात आणि कोंबडी लंगडते.

इतके सगळे सांगून झाल्यावर एक गोष्ट ठासून सांगणे माझे कर्तव्य आहे. ही प्रथिने रोगाचे नाव सांगत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडी आपल्या जंगलावर धूर दिसला की आग आहे एवढे नक्की कळते. कुणी मोहाखालचा पाला जाळला की वणवा पेटला, ते जाऊनच पाहावे लागते. राणीखेत, रक्ती हगवण, देवी, पोटातले जंत, कोंबड्यांच्या झुंजीत पायाला बांधलेल्या कातीने झालेली जखम, यांपैकी कशानेही यकृताला तोच निरोप जातो. जिवंत लस दिल्यावरही काही दिवस आकडे चढलेले असू शकतात. म्हणून ‘प्रथिन वाढले, आता अँटिबायोटिक द्या’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो काढला जाण्याची मला खरी भीती वाटते. राणीखेत विषाणूचा रोग. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. कोलिस्टिनसारखे माणसाच्या शेवटच्या उपायाचे औषध कोंबड्यांच्या खाद्यातून इतके वापरले गेले की जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारला खाद्यप्राण्यांत त्यावर बंदी घालावी लागली. नवी चाचणी त्याच वाटेने पुन्हा औषधाच्या पुडीकडे नेणार असेल तर ती न आलेली बरी.

बर्ड फ्लूच्या बाबतीत तर या चाचणीच्या नादीच लागू नये. भारतात तो पहिल्यांदा आला तोच महाराष्ट्रात, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. अलीकडे त्याची झळ आपल्या भागालाही लागली. डिसेंबर २०२४ च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. हे वाघ चंद्रपूर जिल्ह्यातून तिथे नेलेले होते. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने तो बर्ड फ्लूचा एच-५-एन-१ विषाणू असल्याचे सांगितले. पुढच्याच महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात, मांगली गावी, कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला. तो कोंबडीला इतक्या झपाट्याने मारतो की प्रथिनांचा चढउतार पाहण्यात घालवलेला प्रत्येक तास माणसाच्या जिवाशी खेळ ठरतो. एकदम अनेक पक्षी मेले, तुरा निळा-जांभळा पडला, तर हात लावायचा नाही, रक्त घ्यायचे नाही, कापायचे नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचे. पुढचे काम भोपाळचे.

मग या चाचण्यांचा उपयोग कुणाला? मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना तो उघड आहे. हजारो पक्ष्यांच्या शेडमधून काही पक्ष्यांचे रक्त नियमाने तपासले, तर मरतूक सुरू होण्याआधी काहीतरी बिघडले आहे हे कळते. लस अंगाला जड गेली का, खाद्यातल्या बुरशीचा त्रास होतो आहे का, याचा माग लागतो. पण माझा जीव गुंतला आहे तो परसातल्या कोंबडीत. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यांतली सुमारे ३१.७ कोटी परसातली होती, आणि आधीच्या गणनेपेक्षा परसातल्यांची संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. गडचिरोलीत ही कोंबडी बाईच्या मालकीचा पैसा आहे. पोराची फी, दवाखान्याचे भाडे, देवाची पूजा, आलेला पाहुणा, सगळे तिच्यावर निभावते. मानमोडीची चाहूल लागताच घरातली कोंबडी बाजारात नेऊन विकली जाते, त्यामागे हाच हिशेब असतो. उद्या मरणार ती आज विकलेली बरी. त्या बाईला दोष देणे मला जमत नाही. पण त्याच बाजारातून रोग पुढच्या गावी जातो हेही खरे आहे, आणि चार दिवस आधी खबर लागली तर शेजारच्या गावांत लस वेळेवर देता येते.

ही खबर द्यायला प्रत्येक घरात प्रयोगशाळा लागत नाही, हे याच जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत बायकांना बाळाचा श्वास मोजायला, जंतुदोषाची लक्षणे ओळखायला शिकवले. तिथे रक्ततपासणी नव्हती, क्ष-किरण नव्हता. ३९ गावांतल्या त्या कामाचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, जंतुदोष झालेल्या नवजात बाळांतल्या मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. कोंबडीची तुलना बाळाशी मी करत नाही. पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे: कोणती लक्षणे खरी सूचक आहेत ते आधी काटेकोरपणे तपासायचे, आणि मग तेवढीच लक्षणे गावातल्या हाती द्यायची. सकाळी सोडताना गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्रीचे न पचल्याने अजून फुगलेली आहे का, तुरा फिका पडला का, विष्ठेचा रंग बदलला का, अंडे चुकले का, यांतले कोणते लक्षण खरोखर आधी दिसते? हे ठरवण्यासाठी लक्षणाशेजारी रक्तातला आकडा ठेवून पाहावा लागेल. आकडा चढला त्या दिवशी बाहेर काय दिसत होते? प्रथिनांच्या अभ्यासाचा आपल्या भागाला पहिला फायदा हा होऊ शकतो. प्रयोगशाळेत खरे ठरलेले लक्षण गावात जनावरांची काळजी घेणाऱ्या पशुसखीच्या हाती जाईल आणि मग तिला प्रयोगशाळेची गरज उरणार नाही.

पण त्याआधी एक मोठी अडचण आहे. निरोगी कोंबडीचा आकडा किती? छापील तक्त्यांत जे आकडे सापडतात ते बहुतेक ब्रॉयलर किंवा अंड्यांच्या संकरित कोंबड्यांचे आहेत. एकाच वयाची, एकाच खाद्यावर वाढलेली, पिंजऱ्यात किंवा शेडमध्ये राहिलेली पाखरे. मार्कंड्याची कोंबडी उकिरडा उकरते, वाळवी वेचते, भाताच्या खळ्यावर पोट भरते. तिच्या पोटात जंत असतात, पिसांत उवा असतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला की ती झाडाखाली चोच उघडी टाकून धापते. तिच्या रक्तात थोडा दाह कायमचाच असणार. ब्रॉयलरचा तक्ता लावला तर ती बाराही महिने आजारी ठरेल. आणि तिचा चढलेला आकडाच सर्वसाधारण मानला तर खरा रोग आल्यावर ओळखू येणार नाही. त्यात अंड्यावर आलेल्या कोंबडीचे रक्त आणखी वेगळे. बलकासाठी लागणारी प्रथिने आणि चरबी यकृतातून अंडाशयाकडे जात असते, त्यामुळे तिचा रक्तद्रव दुधाळ दिसतो आणि एकूण प्रथिनांचा आकडा फुगतो. तलंग, अंड्यावरची, खुडूक आणि कोंबडा यांचे तक्ते वेगवेगळेच हवेत.

रक्त घेणे अवघड नाही. पंखाच्या आतल्या बाजूला पिसे ओली करून बाजूला केली की निळी शीर दिसते. दीड किलोच्या कोंबडीचे एक-दोन मिलिलिटर रक्त घेतले तर तिला काही होत नाही. अवघड आहे ते रक्त नीट पोचवणे. मार्कंड्याहून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर. तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही तिथेच. पण उन्हात, एसटीच्या टपावर हेलकावे खात गेलेल्या नळीत तांबड्या पेशी फुटतात, रक्तद्रव लाल होतो आणि रंगावर चालणाऱ्या चाचण्या खोटे आकडे देतात. म्हणून रक्तद्रव गावाजवळच, तालुक्याच्या दवाखान्यात वेगळा काढणे भाग आहे. त्याला एक साधे सेंट्रिफ्यूज आणि फ्रीज पुरतो. सोख-कागदावर रक्ताचा थेंब वाळवून पाठवण्याची रीत अँटीबॉडीच्या तपासणीसाठी वापरात आहे. या प्रथिनांसाठी ती इथल्या उन्हा-पावसात टिकते का, हे पाहण्याजोगे आहे. ज्यांना महागडे किट परवडणार नाहीत त्यांनी जेलवर विजेच्या प्रवाहाने रक्तद्रवातील प्रथिने अलग करण्याची जुनी पद्धत वापरावी. अल्ब्युमिनचा पट्टा बारीक झाला आणि ग्लोब्युलिनचे पट्टे जाड झाले, एवढेही पुष्कळ सांगून जाते.

पुस्तिका वाचताना पशुधन पर्यवेक्षकांना काही पाने जड जातील. ती सोडून पुढे जावे, रक्त घेण्याचे आणि नोंद ठेवण्याचे प्रकरण मात्र सोडू नये. पशुवैद्यकांनी उलट करावे; त्यांना रक्त घेता येते, त्यांनी एका आकड्यावर निदान का करू नये ते प्रकरण दोनदा वाचावे. एकाच कोंबडीचा एक आकडा फारसे सांगत नाही. त्याच खुराड्यातल्या पाच-सहा पक्ष्यांचे आकडे, आणि तेही काही दिवसांच्या अंतराने दोनदा घेतलेले, हे खरे कामाचे.

नागपूरच्या विद्यापीठात प्रबंधाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आजारी ब्रॉयलरवर जगभर काम होते आहे; ते चालू राहीलच. तुम्ही निरोगी गावठी कोंबडी घ्या. चामोर्शी तालुक्यातली चार गावे निवडा, मार्कंडा त्यांत असू द्या. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा, तिन्ही ऋतूंत त्याच घरांतल्या कोंबड्यांचे रक्त घ्या. जंताचे औषध देण्याआधी आणि दिल्यानंतरही घ्या. जिची कोंबडी आहे त्या बाईचे म्हणणे शेजारी लिहून ठेवा आणि निघालेले आकडे तिला समजतील अशा शब्दांत परत नेऊन द्या. तो तक्ता तयार झाला की या पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत ब्रॉयलरच्या आकड्यांची जागा त्याने घ्यावी.